अलिशानचा चहा आणि फिलोमिनाची विहीर

मी, एस्थर व्हिक्टर तुस्कानो, वय वर्षे ६९, निवृत्त शिक्षिका, राहणार निर्मळ, तालुका वसई, जिल्हा पालघर, कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉ. किंजल मेहता यांचा दाखला सोबत जोडला आहे. तेवढ्याने कोणाचे समाधान होत नसेल तर त्याला सांगावे की, गेल्या रविवारी मी डोळ्यांवर रुमाल बांधून तीन पेले चाखले आणि कोणता चहा कोणत्या डोंगरावरचा, ते तिन्ही बरोबर सांगितले. पुढच्या महिन्यात माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. मी घाबरलेली नाही. पण मुलांचे घरावरून वाजण्याआधी लिहिलेले बरे.

१. निर्मळचे राहते घर व सभोवतालची केळीची वाडी माझे दिवंगत पती व्हिक्टर यांच्या इच्छेने माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती मी माझी मुलगी जीना हिला देत आहे. मुलगा ग्लेन याने मागच्या ख्रिसमसला मला न विचारता एका बिल्डरला वाडी फिरवून दाखवली. बिल्डर माझ्यासमोर केळी मोजत होता, तेव्हा मी त्याला चहा दिला नाही. मी चहा दिला नाही असा तो एकमेव माणूस.

२. विरारचा फ्लॅट ग्लेनला. तो वाईट मुलगा नाही. टोरंटोहून सगळेच लहान दिसते, वाडीसुद्धा. बँकेतील ठेवी दोघांना सारख्या.

३. जीनाला एक सांगणे. ही अट नाही, इच्छा आहे; दोन्हींतला फरक ॲडव्होकेट संपदा यांनी मला समजावला आहे. रविवारी दुपारी ओटी उघडी असावी आणि येईल त्याला तैवानचा बिनदुधाचा ऊलाँग चहा मिळावा. साखर मागणाऱ्याला हाकलू नये. आधी बिनसाखरेचा द्यावा, मग विचारावे.

४. व्हिक्टरचा भाचा एरॉल याला झाकण नसलेली पांढरी किटली. झाकण त्यानेच फोडले आणि वर म्हणाला, "आंटी, वाफ मोकळी झाली." त्याने ती आयुष्यभर वापरावी.

५. मुठीएवढी तपकिरी मातीची किटली व तिचे चार पेले माझी थोरली नणंद फिलोमिना हिला. जीनाला ते खटकेल, म्हणून कारण सविस्तर लिहिते.

व्हिक्टर जहाजावर इंजिनियर होते. त्यांचे जहाज दुरुस्तीसाठी तैवानच्या गोदीत अडकले, तेव्हा तिथल्या लिन नावाच्या इंजिनियरने त्यांना आपल्या बहिणीच्या मळ्यावर नेले. मळा अलिशानच्या डोंगरावर, ढगांत. व्हिक्टरनी तिथून चहाचा डबा आणला. पाने गोळ्यांसारखी वळलेली. मी त्यात दूध, साखर आणि आपला गवती चहा घालून उकळला. व्हिक्टर एक घोट प्यायले आणि पेला बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः करून मला दिला. तीच पाने पाच वेळा गरम पाण्यात भिजवली आणि दर वेळी चव वेगळी लागली. मला त्या दिवसापासून वेड लागले. फिलोमिना शेजारच्याच घरात. ती चाखून म्हणाली, "गरम पानी नि पाला. याला चहा बोलतात?"

पुढे सामाईक विहिरीच्या पंपावरून आमचा अबोला झाला. तिने मधल्या वाटेवर भिंत घातली, विहीर तिच्याकडे गेली. मी माझी वेगळी खणली, तिला मचूळ पाणी लागले. बोलायचे ते आम्ही जीनामार्फत बोलत असू. व्हिक्टर गेले त्या दिवशीसुद्धा आम्ही चर्चमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

वर्षभराने मी ठरवले की तो डोंगर बघायचा. ग्लेन फोनवर म्हणाला, "या वयात एकटी?" संध्याकाळी फिलोमिना भिंतीपाशी आली आणि कितीतरी वर्षांनी थेट माझ्याशी बोलली.

"तू एकटी गेलीस नि काही झालं तर गाव मला बोलेल. मी येते."

"तिथे दुधाचा चहा मिळत नाही," मी म्हणाले.

"मी घेऊन येते."

खरेच, तिच्या पिशवीत आले, साखर आणि दूध पावडर होती. अलिशानला लिन आम्हाला घेऊन गेले. त्यांची बहीण म्हातारी, हसरी. बाहेर धुके इतके की मळा दिसेना. तिने पेले मांडले. फिलोमिनाने पिशवी उघडून आले बाहेर काढले. त्या बाईने ते हातात घेतले, हुंगले, मान डोलावली आणि बाजूला ठेवून चहा ओतला.

पहिला पेला फिलोमिनाने एका घोटात संपवला. दुसऱ्यावर तिने माझ्याकडे संशयाने पाहिले. तिसऱ्यावर म्हणाली, "हिने गुपचूप दूध घातलंय."

लिननी ते भाषांतर करून सांगितले. बाई खो खो हसली. तिने फिलोमिनाचा हात धरून स्वयंपाकघरात नेले, फडताळ उघडून दाखवले. घरात थेंबभर दूध नव्हते. त्या जातीच्या पानालाच सायीचा वास असतो. फिलोमिना परत येऊन बसली, पेला दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "व्हिक्टर सांगत होता मला. दूध न घालता दुधाचा, बोलायचा. मला वाटलं, चेष्टा करतो." मग ती रडली आणि मीही. त्या बाईने आमचे पेले पुन्हा भरले. निघताना ही किटली कागदात गुंडाळून दिली, एकच, दोघींना मिळून.

घरी आल्यावर मी माझ्या विहिरीच्या पाण्यात तो चहा केला. चव मेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओटीवर भरलेली कळशी होती. तेव्हापासून रोज असते. भिंतीत आता एक दारही आहे. किटली इतकी वर्षे माझ्या घरात राहिली, पाणी तिच्या घरचे. हिशेबाने किटली आता तिच्याकडे जावी.

६. उरलेला चहा कोणी जपून ठेवू नये. माझ्या दफनानंतर त्याच दिवशी सगळ्यांना पाजावा. ग्लेनला दोन पेले द्यावेत.

हा मसुदा ओटीवर वाचला जात असताना फिलोमिना हजर होती. साक्षीदार मीच होणार, असे म्हणून तिने पेन घेतले. संपदा म्हणाल्या, "मावशी, ज्याला काही मिळतं त्याने साक्ष केली तर त्याला दिलेलं रद्द होतं." फिलोमिनाने क्षणभर विचार केला आणि पेनाला टोपण लावले. "मग दुसऱ्याची सही घ्या."

संपदांनी पुढे विचारले, "आणि तुम्ही एस्थर मावशींच्या आधी गेलात, तर किटली कोणाला?" फिलोमिना माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे.

"लिही," फिलोमिना म्हणाली, "ते आम्ही दोघी बघून घेऊ."

कायद्यात असे कलम बसत नाही, असे संपदा यांचे मत पडले. तरी मी माझ्या हाताने लिहीत आहे: ते आम्ही दोघी बघून घेऊ.

मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲडव्होकेट संपदा यांनी करावी. वरील मजकूर मी वाचला, तो मला मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही करते.

सही: एस्थर व्हिक्टर तुस्कानो

साक्षीदार, ज्यांना यातून चहाखेरीज काही मिळणार नाही:
१. डॉ. किंजल मेहता, वसई
२. सुमेध तांबे, शेजारी, निर्मळ

स्थळ: निर्मळ, ता. वसई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार