मोडलेला आख

कामथडी,
फेब्रुवारी १९३८

प्रिय भिमा,

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. उत्तर नाही म्हणून मनातल्या मनात तू मला ज्या शिव्या हासडल्या असशील त्या सगळ्या पोचल्या. उशीर का झाला ते शेवटी सांगतो, तोवर जरा धीर धर. तुला धीर नाही हे मी आपण दोघं डोंगरावर शेळ्या राखत होतो तेव्हापासून जाणतो.

तू लिहितोस की कंपनीची नोकरी सोडतो, पुण्याच्या शेठकडून लॉरी हप्त्याने घेतो, तीन वर्षं हप्ते भरले की लॉरी आपली. पहिल्या रकमेसाठी रतनवहिनींची दुभती म्हैस विकायची आणि पाडव्याला नारळ फोडायचा. वर विचारतोस की, नाथा, त्याच शेठची तसलीच लॉरी तू दीड वर्ष चालवलीस आणि मग सोडलीस का? हे तू जत्रेतही एकदा विचारलं होतंस. तेव्हा मी कंटाळा आला म्हणून सांगितलं. खोटं बोललो. आज खरं लिहितो, पण वहिनींना वाचून दाखवताना मधला भाग गाळलास तरी चालेल.

कंपनीचं आधी बोलू. तिला उगाच नावं ठेवायची नाहीत. एक तारखेला पगार हातात पडायचा. गाडी बंद पडली तर आपण वडाखाली तीन दगड मांडून भाकरी भाजायची आणि मिस्त्रीची वाट बघायची, काळजी मालकाला. आठवतं, मीही कंपनीत असताना शिरवळच्या अलीकडे दोन दिवस तसे काढले आणि तू एवढा झोपलास की कावळा भाकरी घेऊन गेला? पण तुझ्या आई, अंबूबाई, गेल्या तेव्हा तार कंपनीच्या टेबलावर पडून राहिली आणि तू सोलापूरला माल घेऊन गेला होतास. तू आलास तो तेराव्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गाडीवर. पत्रात तू नुसता फायद्याचा हिशेब मांडला आहेस, आईचं नावही काढलं नाहीस. पण आपली गाडी असती तर मी वेळेवर पोचलो असतो, हे तुझ्या मनात आहे ते मला न लिहिता कळतं. त्यासाठी मी तुला कधी हसणार नाही.

आता माझं ऐक. मला लॉरी मिळाली त्या दिवशी पुढच्या फळीवर मी पेंटरकडून ‘नाथा’ लिहून घेतलं, लाल अक्षरात. आईने चाकांना हळदकुंकू लावलं आणि इंजिनाला तांदूळ वाहिले, ते नंतर आठवडाभर फुटत होते. वेल्ह्याकडचा हिरडा आणि कोळसा भरून पुण्याला न्यायचा. आई नाक्यापर्यंत येऊन बघायची, माझा ल्योक स्वतःच्या गाडीवर बसलाय म्हणून. शेठचा कागद चार पानी होता, इंग्रजीत. मी चौथी शिकलेला शहाणा. मला वाटलं, यात वाचायचं काय, ही तर आपली अर्धल. साळूबाईंच्या एका शेळीवर आमच्या आईचा सगळा कळप उभा राहिला हे तुला माहीत आहेच. शेळी साळूबाईंची, राखायची आम्ही, करडं निम्मी त्यांची निम्मी आमची. शेळी वाघाने नेली किंवा रोगाने मेली, तर कातडं किंवा निदान कान नेऊन मालकिणीपुढे ठेवायचा. साळूबाई तो हातात घेऊन बघायच्या आणि म्हणायच्या, “गेली तर गेली. तुजा काय दोस न्हाई. दुसरी घिऊन जा.” अशा रीतीत वाढलेल्या माणसाला दुसरी रीत असते हेच ठाऊक नसतं.

दीड वर्षाने वेल्ह्याच्या वाटेवर ओढा चढताना मागच्या चाकांचा आख मोडला. माझी चूक नव्हती, माल बेताचा होता, लोखंडातच जुनी चीर होती. मी काय केलं असेल सांग? दोन्ही तुकडे उतरवले, गोणपाटात गुंडाळले, बैलगाडीने नसरापूरपर्यंत आणले आणि सर्व्हिस मोटारीत मांडीवर घेऊन पुण्याला गेलो. कंडक्टरने त्याचंही अर्धं तिकीट घेतलं. शेठच्या पेढीवर, पांढऱ्याशुभ्र गादीपुढे, मी तो तेलकट आख ठेवला आणि हात जोडून म्हणालो, “शेठ, मेली. म्या काय केलं न्हाई. ह्यो बघा.”

मुनीम आधी हसला, मग सगळी पेढी हसली. शेठ हसले नाहीत, त्यांना काही कळलंच नव्हतं. कळल्यावर त्यांनी कागदातलं कलम मराठीत सांगितलं. दुरुस्ती माझी, हप्ता तारखेला, दोन चुकले तर लॉरी त्यांची आणि भरलेले पैसे गेले. नवा आख मुंबईहून यायला दोन महिने लागले आणि माझे दोन्ही हप्ते चुकले. आख बसवून, लॉरी ओढ्यावर धुऊन, चाकांत हवा भरून, जॅक आणि पाने मोजून मी ती परत केली. आजारी जनावर तेवढं मालकाला तसंच परत देतात, बरं झालेलं घाण अंगाने देत नाहीत. माझ्यासमोरच त्यांच्या माणसाने ‘नाथा’वर काळा रंग फासला. हा माझा कंटाळा, भिमा. मी आईलाही लॉरी विकली म्हणून सांगितलं होतं.

मग म्हणशील, सरळ विकतच घ्यावी. इथले आनंदराव तसेच निघाले. रोख मोजून लॉरी आणली आणि ती सहा महिने चिंचेखाली उभी, कारण रस्त्यावर काढली की झिजेल! रोज फडक्याने पुसायचे. शेवटी त्यांच्या घरच्या कमळाबाई कडाडल्या, “ही लॉरी हाय का देव्हाऱ्यातला देव?” तेव्हा कुठे माझ्या हातात दिली. आता मी ती निम्म्या वाट्याने चालवतो. काही मोडलं की तुकडा त्यांच्यापुढे नेतो, ते चष्मा लावून दुःखाने बघतात आणि पैसे काढतात. माझं बरं चाललं आहे, खरंच. रोज घरी जेवतो. फक्त पुढच्या फळीवर नाव आनंदरावांचं आहे आणि कधीमधी ते वाचायचं मी टाळतो.

आता उशिराचं कारण. तुझ्या पत्राच्याच दिवशी शेठचा मुनीम तुझा कागद घेऊन माझ्या दारात आला. जामीन म्हणून तू माझं नाव दिलं आहेस, मला एका शब्दाने न विचारता. पत्रात त्याचा उल्लेखही नाही, लबाडा! मी इतका संतापलो की माझ्या बायकोने, सोजराबाईने, मुनिमाला चहा दिला आणि मला गोठ्यात धाडलं. राग उतरल्यावर मी पुणं गाठलं. पेढीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला एक लोखंड लावून ठेवलं होतं. माझाच आख, अर्धा. शेठना म्हणालो, सही करतो, पण एक ओळ घाला. चालवणाऱ्याच्या चुकीवाचून मोठा भाग मोडला, तर दुरुस्ती होईतो हप्ता थांबेल आणि तेवढी मुदत पुढे वाढेल. ते म्हणाले, असं कोणी घालत नाही. मी विचारलं, शेठ, मोडलेल्या लॉऱ्यांपैकी धुऊन परत किती आल्या? त्यांनी दाराच्या आखाकडे बघत बोटांवर मोजलं. तीन जण घाटात गाडी सोडून पळाले होते, धुऊन आलेली एकच होती. पुढचे चार दिवस त्यांनी मला हेलपाटे घालायला लावले, पण काल ती ओळ मराठीत लिहिली गेली आणि खाली त्यांची सही आली. तिच्याखाली माझी. कागद सोबत पाठवतो आहे, तुझी जागा रिकामी आहे. नोकरी ठेवलीस तरी त्यात कमीपणा नाही, म्हैस वहिनींची आहे, तेव्हा आधी त्यांना विचार. पण सही केलीस तर पाडव्याला लॉरी आमच्या डोंगरावरून आण, माझ्या आईला पहिल्यांदा बसव. मी तिला सगळं खरं सांगितलं आहे. आणि फळीवर नाव घालशील तर अंबूबाईंचं घाल. निघताना शेठ मला तो आख परत देत होते. मी म्हटलं, राहू द्या दाराशी, भिमाचा मोडला तर कुठे ठेवायचा ते त्याला दिसेल.

तुझाच, न विचारता जामीन झालेला,
नाथा