दाजींची दुरुस्ती तीनदा परत पाठवल्याबद्दल

शिवाजी पेठ, कोल्हापूर
श्रावण लागायला चार दिवस

तीर्थरूपसमान यशराजदाजींना ऋतुराजचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे (आईचा राग वगळता) सगळे खुशाल आहेत. तुमची तब्येत आणि आक्काचा खोकला कसा आहे ते कळवावे. एरवी आपण एकमेकांना संगणकावर दोन ओळींत लिहितो, पण जावयाला असं तुटक लिहिणं बरं दिसत नाही असं आईचं म्हणणं पडलं, म्हणून हा कागद. ती समोर भेंडी चिरत बसली आहे आणि दर पानाला विचारते आहे, "माफी लिवलीस काय?"

विषय आपल्या मोजणीच्या प्रोग्रॅमचा. (तुम्हाला सगळं माहीत आहे; पण पत्र आईला वाचून दाखवायचं असल्यामुळे मुळापासून सांगतो.) प्रोसेसर काम करताना कुठे किती अडखळला ते हा प्रोग्रॅम सांगतो. प्रोसेसरच्या आत मोजणारे चारच, आणि लोक मोजायला सांगतात दहा गोष्टी. मग पाळीपाळीने मोजणी होते. जिची पाळीच आली नाही तिच्यापुढे प्रोग्रॅम बिनदिक्कत शून्य छापतो. म्हणजे तालमीत पाऊल टाकायचं नाही आणि घरी सांगायचं की आज एकही कुस्ती हरलो नाही. हा दोष तुम्ही हेरलात, शून्याच्या जागी ‘मोजलं नाही’ असं यावं म्हणून दुरुस्ती पाठवलीत, आणि ती तपासायला माझ्याकडे आली. मी लॅपटॉपवर चालवली. शून्यच आलं. परत पाठवली. तुम्ही लिहिलंत, माझ्याकडे चालते. (आमच्या धंद्यात हे सगळेच म्हणतात, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही.) दुसऱ्यांदा शून्य, तिसऱ्यांदा शून्य. तिसऱ्या वेळी मी ‘पाठवण्याआधी स्वतः चालवून बघत जा’ असं लिहिलं. ते जरा जास्तच झालं.

मग आक्काचा फोन आला. दाजी नीट जेवत नाहीत, आणि पंचमीला मी मुराळी म्हणून तिला न्यायला आलो तर दारातूनच परत पाठवणार आहेत, तेही तीनदा. आईने सगळं ऐकलं. "जावयानं केल्यालं काम मागं धाडतोस व्हय रं? पोरगी पंचमीला आली न्हाय, तर तुझं त्ये शून्य झोक्यावर बसवू काय?" आण्णांनी पेपरातून डोकं काढून विचारलं, याचा पगार कोण देतं? (आपण दोघं हे हौसेने करतो, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.)

माझ्यापुढे तत्त्वाचा प्रश्न होता. नात्यासाठी खोटा आकडा पुढे जाऊ द्यायचा नाही, असा माझा बाणा आहे. तरीही तुमचा मान आणि आक्काचं माहेरपण मोठं मानून मी तत्त्व गिळलं आणि काल दुरुस्ती मंजूर केली. शेजारच्या बनाबाई हे ऐकून म्हणाल्या, "लई समजूतदार पोरगं हाय की!" आईनेही नाही म्हटलं नाही.

घरातल्या थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आपला मेहुणा,
ऋतुराज

ता. क. एवढं आईला वाचून दाखवलेलं नाही. परवा कळलं की तिन्ही वेळा मी लॅपटॉपवरचा जुनाच प्रोग्रॅम चालवत होतो. तुमची दुरुस्ती मी एकदाही बसवली नव्हती. बसवली तर पहिल्या फटक्याला ‘मोजलं नाही’ आलं. चूक सगळी माझी. मला खरंच लाज वाटते, माफ करा. पण मी तुमचा मान राखला, असंच घरात राहू द्या. एवढं मागण्यासाठीच हा सगळा कागद काळा केला.

ता. क. दुसरा. आक्का, पाकीट आधी तूच फोडणार. आईला सांगितल्याशिवाय तुला राहवणार नाही, तर सांग. पण फोनवर नको, इथे येऊन सांग. पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी घेऊन येतो.