खिडकीमागचा साहेब

प्रिय धाकट्या,

तुझा पत्ता मी मागितला नव्हता. निघताना तुझ्या आईनंच तो घडी करून माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवला. चार महिने डबी रोज उघडतोय, घडी आज उघडली.

हसू नकोस, पण तुझा बाप परदेशात इंग्रजी शिकवतोय. तेही फुकट. संस्थेला माणसं हवी होती. वयाची अट नव्हती, अकलेचीही नसावी. तुझी आई म्हणाली, जन्मभर पंपांच्या जळक्या मोटारींत तांब्याची तार भरलीत, आता माणसांत काही भरा. माझं इंग्रजी पंपांच्या माहितीपुस्तकांतून आणि गिऱ्हाइकांच्या तोंडून उचललेलं. पण कान तिखट, हे तूही नाकारणार नाहीस. मोटार न उघडता, नुसत्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की नाही ते सांगणारा मी. वर्ग एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत भरतो. फरशी सारखी थरथरते. पहिल्याच दिवशी खाली जाऊन मालकाला सांगितलं, तुझ्या तिसऱ्या मशीनचा पट्टा सैल आहे. तेव्हापासून खुर्च्या तोच पुरवतो.

अकरा जण होते, सगळे मोठे, दिवसभर राबून येणारे. पुस्तक उघडलं की माना पेंगायच्या. मग मी तुझा खेळ काढला. आठवतो? पंपाच्या रिकाम्या खोक्याला चौकोन कापून तू वर्कशॉपच्या दारात बसायचास आणि येईल त्या गिऱ्हाइकाला तिकीट फाडून द्यायचास. इथं लाँड्रीतल्या मशीनचं खोकं मिळालं. टेबलावर ठेवलं, खिडकी कापली आणि मागे मी साहेब होऊन बसलो. या लोकांचं सगळं अशाच एका खिडकीवर अडलेलं असतं: कामाचा परवाना, राहण्याची मुदत, मागे राहिलेली पोरंबाळं. समोर यायचं, इंग्रजीत आपलं म्हणणं मांडायचं. साहेब आधी नाही म्हणणार, मग पटलं की शिक्का मारणार. काय रंग चढला म्हणून सांगू! इस्पितळात फरशी पुसणारा, एरवी तोंडातून शब्द न काढणारा माणूस साहेबाला चक्क दम देऊ लागला.

सगळ्यांत तयार झाली ती शिंपीणबाई. तिची सात वर्षांची मुलगी दुसऱ्या देशात, मावशीकडे आहे. तिला इकडे आणायची तर मुलाखत द्यायची, इंग्रजीत, आणि संधी दोनच. ती खिडकीशी वाकून म्हणायची, साहेब, तुमच्या कोटाचं बटण लोंबतंय. माझी मुलगी आली की लावून देईल, मीच शिकवलंय तिला. वर्ग टाळ्या पिटायचा, मी शिक्का मारायचो. माझ्या खिडकीवरून कुणीही रिकाम्या हातानं गेलं नाही.

खऱ्या खिडकीवर तिनं तेच सांगितलं. तिथल्या माणसानं मान वर केली नाही. नाही म्हणाला आणि पुढचा नंबर पुकारला. बाई मात्र हसत तिथंच उभी. साहेब आता विरघळेल, मग विरघळेल, असं तिला वाटत होतं. शेवटी पहारेकऱ्यानं दंडाला धरून बाजूला केलं.

त्यानंतर वर्ग गळत गेला. अकराचे तीन उरले. त्यांतली एक ती. गेल्या मंगळवारी खिडकीसमोर येऊन म्हणाली, मास्तर, आज विरघळायचं नाही. खरं नाही म्हणा. मी दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा तिनं मान हलवली. म्हणाली, तुम्हाला जमत नाही, तुमचा स्वभाव नाही तो. जमतं गं बाई, मी मनात म्हटलं. मग डोळे खाली घातले, हातात तांब्याची तार असल्यासारखी बोटं चालवली आणि म्हणालो, नाही. इंग्रजीच्या वर्गात, चक्क मराठीत. कुणाला अर्थ विचारावा लागला नाही. ती पांढरीफटक पडली. मीही पडलो असेन. सूर तोच होता, बाळा. नाटक शिकायला जाऊ का, म्हणून तू दारात उभा होतास, मी मोटार भरत होतो, आणि मान वर केली नव्हती.

मग ती म्हणाली, हां, असंच म्हणाला होता तो. आता सांगा मास्तर, यावर काय बोलायचं असतं?

तेवढ्यासाठी हे पत्र. मला माहीत नाही. तू मात्र त्या दिवशी माझ्या नाहीवर काहीतरी बोलला होतास. बरंच बोललास. आवाज आठवतो, शब्द एकही आठवत नाही. अख्ख्या बाजारात कानांसाठी नावाजलेला मी, तेव्हा ऐकतच नव्हतो. नऊ वर्षं झाली. फोन तू उचलत नाहीस, उचलावास असं मी काही केलेलंही नाही. तिच्या दुसऱ्या मुलाखतीची तारीख सतरा दिवसांवर आहे आणि पत्र पोचायलाच तीन आठवडे लागतात, म्हणजे तिच्या कामी ते येणार नाही. तुझं उत्तर येईल असं धरून चालण्याइतका मी खुळा नाही. तिला मात्र सांगून बसलोय, एकाला विचारून सांगतो. ती रोज येते, खोक्यासमोरच्या खुर्चीत बसते, माझ्या तोंडाकडे बघते. म्हणून विचारतो, उशीर झालाय तरी विचारतो. तू काय म्हणाला होतास?

आता तरी कान देऊन बसलेला,
तुझाच,
बाबा