तुंगार्लीचे घर आणि नरमाशीचा डोळा

मी, निवृत्ती केरबा ओव्हाळ, मूळ गाव बेडसे, हल्ली राहणार तुंगार्ली, लोणावळा, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून घरी बसलेला, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. पुतण्या श्रीपती याचे मत वेगळे आहे. ते त्याने माझ्यामागे कोर्टात मांडू नये म्हणूनच हा खटाटोप.

१. राहते घर माझ्या कमाईचे. ते मुलगी रतन हिचे. श्रीपतीला तेथे लॉज काढायचा आहे, काढू नये. बेडशाच्या जमिनीतला माझा हिस्सा त्याला देतो. निदान बांध कुठे आहे ते तरी त्याने एकदा जाऊन पाहावे.

२. पत्नी कस्तुराबाई हिने हयातभर घरात राहावे. मधमाश्यांच्या पेट्या दूर हलव म्हणाली तर रतनने वाद घालू नये. मी घालून पाहिला आहे.

३. सूक्ष्मदर्शक, कॉलेजने मोडीत काढलेला ऑसिलोस्कोप (विजेची उसळी पडद्यावर दाखवणारे यंत्र) व सातेरी मधमाश्यांच्या पेट्या रतनच्या. कारण लिहितो, कारण तोंडी कोणी ऐकत नाही. नरमाशीच्या डोळ्यातील पेशीवर उजेड पडला की तिच्या आवरणातली सूक्ष्म दारे उघडतात, बाहेरचे सोडियमचे भारित कण आत शिरतात आणि पेशीचा विद्युतदाब उसळतो. हे पडताळण्यासाठी रतनने डोळ्याभोवतीचे खारे पाणी काढून सोडियम नसलेला द्रव सोडला. पडद्यावरची उसळी बसली. पुण्याहून आलेले तिचे पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणाले, "तुम्ही डोळा मारून टाकलात."

रतनने पुन्हा खारे पाणी सोडले. उसळी परत आली.

"मेलेला डोळा जिवंत होतो काय?" मी विचारले.

"योगायोग," म्हणाले, चहा प्यायले, गेले. प्रबंध अडवला तो अडवलाच.

४. अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, जेवणावळीविना. सदर मार्गदर्शकांना शोकसभेत बोलू देऊ नये. त्यांना फार आवडते.

५. वरील मजकूर रतनला वाचून दाखवला. ती म्हणाली, "आबा, ऑसिलोस्कोप मी विकणार."

"का?"

"मला दुसऱ्या विद्यापीठात घेतलंय. तिथं नवं यंत्र आहे. हाच प्रयोग पुढं करणार."

"आणि हे मला कधी सांगणार होतीस?"

"तुमचं सरांशी भांडण संपल्यावर."

सबब, तिने यंत्र खुशाल विकावे. माझे भांडण संपलेले नाही.

हे लिहून, वाचून, समजून खाली सही केली.

निवृत्ती केरबा ओव्हाळ

समक्ष साक्षीदार:
दत्तोबा सखाराम गायकवाड, कान्हे (सही)
भागुबाई श्रावण भालेराव, तुंगार्ली (डाव्या हाताचा अंगठा)

लोणावळा, ता. ९ नोव्हेंबर १९७४