एका दमातला बोलणा

अक्षदा बाये,

ह्या पत्र मी धाडूचंय नाय, म्हणान खरा लिवतंय.

हास्पिटलात श्वास तपासणारा एक चेडू येता, तुझ्याच वयाची पोर. मी तेका फुंकरमास्तरीण म्हणतंय. नळयेत फुंकूक लावता आणि गजाली मारता. काल म्हणाला, “मावशी, मासे विकताना कशा ओरडायच्या? ओरडा बघू.”

मी म्हटलंय, “फुकट नाय. आधी बांगडे घे.”

ता हसला, पण डोळे माझ्या मानेच्या शिरांवर. “बांगडे घेवा गो” इतक्यापण माका एका दमात जमला नाय. तेच्या गजाली म्हणजेच तपासणी, ह्या माका तेव्हा कळला. मगे माझो हात धरून तेना सांगल्यान, चुलीच्या धुरान फुप्फुसा खाल्ल्यान, आता सुधारूची नाय.

आज सकाळी तू फोनार इचारलंस, “आये, माझ्यार रागावलंस? दोनच शब्द बोलतंस.”

मी म्हटलंय, “होय. रागावलंय.”

तुजे दिवस भरत इलेत. खरा सांगलंय तर तशीच धावत येतलंस. रागावलेल्या आवशीकडे कोण धावत येणा नाय. आणि ती गेल्यार रडूपण कमी येता म्हणतत.

तुझ्यार कधीच रागावूक न जमलेली,
तुजी आवस