बेड्या पडल्यानंतर

टॅमरॅक बेंड, मिनेसोटा
४ फेब्रुवारी

चि. आर्न यास,
सिग्नेताईचे अनेक आशीर्वाद. दटावणी आत आहे.

फोन उचलत नाहीस म्हणून कागद खर्च करते आहे. इथे तळं अजून दगडासारखं आहे आणि चर्चमधल्या बायका त्याहून. जावई लायल पोलिसात म्हणून पूर्वी कॉफीचा पहिला कप मला मिळायचा. ऑरिन मेल्यापासून किटली माझ्या टेबलाला वळसा घालून जाते.

तुला ठाऊक आहे तरी पुन्हा सांगते. गावातला बर्फ काढायच्या गाडीवरचा आमचा ऑरिन पिऊन पेट्रोल पंपावर धिंगाणा घालत होता. त्याने लायलला ठोसा मारला. लायलने आणि जोडीदाराने त्याला पालथा पाडून मागे बेड्या घातल्या. तरी तो झटापट करत राहिला, म्हणून लायलने पाठीवरचा गुडघा काढला नाही. मग ऑरिन शांत झाला. फारच शांत झाला.

लायल म्हणतो, शिकवलं तेच केलं. पोलिसांच्या शाळेत शिकवणारा तू. कोर्टात तुला एवढंच विचारणार, की वापरलेलं बळ योग्य होतं का. ‘होय’ म्हणायला किती वेळ लागतो रे? लहानपणी माझा केक खाऊन ‘नाही’ म्हणायला लागायचा, तेवढाच. लायल तुरुंगात गेला तर माझ्या लेकीचा, ब्रिटचा संसार उघड्यावर पडेल. ते तुझ्या जिभेवर आहे.

गरम कपडे घाल, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझी,
सिग्नेताई


बेमिजी
११ फेब्रुवारी

ती. सिग्नेताईस,
सा. न. वि. वि.

तुझी दटावणी पोचली. केक मीच खाल्ला होता.

लायलच्या छातीवरच्या कॅमेऱ्याची चित्रफीत वकिलाने पाठवली. ऑरिनने हात उगारला, त्याला आडवा केला, बरोबर. बेड्या घातल्या, बरोबर. तिथपर्यंत मी शपथेवर लायलच्या बाजूने. पण बेड्या पडल्या की माणसाला कुशीवर वळवायचं, हेही मी प्रत्येक वर्गाला सांगतो. लायल म्हणतो, तो झटापट करत होता. आणि ताई, ऑरिन हलताना दिसतो हे खरं आहे.

म्हणून मी स्वतः बेड्या घालून गादीवर पालथा झालो आणि शिकाऊ पोरांना तसंच दाबायला सांगितलं. जराही हलायचं नाही, असं ठरवून झोपलो होतो. थोड्या वेळाने खांदे उचलायला लागले. मी उचलत नव्हतो. माझ्या आत दुसराच कुणी होता आणि त्याला श्वासासाठी वर यायचं होतं. पोरं सवयीने ओरडली, की विरोध करू नका, सर. ‘सर’ म्हणाली, संस्कार चांगले आहेत.

आमच्या वर्गात रीत आहे, सहन होईना की गादीवर दोन थापा मारायच्या, समोरचा लगेच सोडतो. माझे हात मागे बांधलेले. मी दोन बोटांनी स्वतःच्या पाठीवर थापा मारल्या. पोरांना वाटलं, बेडी सोडवतो आहे. त्यांनी आणखी दाबलं. एका मुलीला माझ्या कानाचा निळा रंग दिसला, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

घरी येऊन चित्रफीत पुन्हा लावली. ऑरिनची दोन बोटं. दोन थापा, मग थांबणं, मग दोन थापा. तुरुंगात पहारेकरी व्हायचं म्हणून तो एकदा माझ्या वर्गात बसला होता. लायलच्या अहवालात लिहिलं आहे, हातांनी विरोध चालू. टीव्ही बंद केला तरी काळ्या काचेत ती बोटं हलतात. थंडीने पाइप दोनदा वाजला की मी उठून म्हणतो, सोडलं, सोडलं. घरात मी एकटाच असतो.

कोर्टात दोन्ही सांगेन, बेड्यांपर्यंतचं आणि नंतरचं. त्यावरही तुझं दार उघडं राहिलं, तर माझं भाग्य.
तुझा,
आर्न


टॅमरॅक बेंड
२ मार्च

चि. आर्न यास,
आशीर्वाद. या खेपेस दटावणी सापडली नाही.

तुझं पत्र मी स्टोव्हमध्ये घातलं आणि कोर्टात मागच्या बाकावर बसून तू खोटं बोलावंस म्हणून प्रार्थना केली. देवाने कधी नव्हे ती माझी प्रार्थना नीट ऐकली आणि नाकारली. तू बोटांचं सांगितलंस तेव्हा चित्रफीत पुन्हा लावली. सगळं कोर्ट त्या बोटांकडे बघत होतं, आणि लायल तर पहिल्यांदाच बघावं तसा. लायल दोषी ठरला, शिक्षा एप्रिलमध्ये ठरेल. ब्रिट तुझं नाव काढत नाही. माझंही कमीच.

ऑरिनच्या जागी अजून कुणी नेमलेलं नाही. तरी बर्फ पडला की सकाळी मला गल्लीत त्याच्या गाडीचा घरघराट ऐकू येतो. पडदा सारावा तर बर्फ जसाच्या तसा, त्यावर चाकाची रेघ नाही. शेजारीण म्हणाली, वयाने होतं. मी तिला विचारलं, मग तू पडदा का सारला होतास?

खरं लिहायचं ते असं. लायल शिक्षा ठरेपर्यंत घरीच असतो. ब्रिटचं बाळ आता पालथं पडायला लागलं आहे. काल मी गेले तेव्हा ते गालिच्यावर पालथं होऊन हातपाय मारत होतं, आणि लायल शेजारी बसून त्याला उताणं करत होता. ते पुन्हा वळलं, की तो पुन्हा उताणं करी. ब्रिट म्हणाली की सकाळपासून हेच चाललं आहे. मग त्याला म्हणाली, अरे, खेळतोय तो.

लायलने तिच्याकडे बघितलं आणि अगदी हळू विचारलं, “तुला कसं कळतं?”

दार उघडं आहे. ये.
सिग्ने