फोटोला हलका म्हणू नये

तीर्थरूप मामांस,

भाचीचा नमस्कार, खुर्चीत बसून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून. (पत्रात मोठ्यांना 'तुम्ही' म्हणायचं असतं असं आईने बजावलंय, म्हणून म्हणते. भेटल्यावर 'तू' आहेच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीच्या दाताचं काय झालं? हे फोनवरही विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही लगेच 'मुद्द्याचं बोल' म्हणता, आणि आज मुद्द्यावर यायचंच मला भय वाटतंय. म्हणून मेल पाठवतेय. इकडे घरचे सगळे मजेत. मी मात्र कालपासून दारावरची घंटा वाजली तरी दचकते, आणि त्याला कारण तुमच्या रक्तपेढीची वेबसाइट आहे.

तुम्ही तिथल्या समितीवर आहात म्हणून ते काम मला मिळालं, हे मी विसरलेले नाही. अध्यक्षांची अट एकच होती: पहिल्या पानावर सगळ्यात वर उद्घाटनाचा फोटो, आणि कोणत्या गटाच्या किती पिशव्या शिल्लक आहेत ती यादी त्याच्याखाली. फोटो नऊ एमबीचा. (बाकीची अख्खी साइट त्याच्या चाळिसाव्या हिश्शात बसते.) कार्यालयाच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर तो झोकात उघडतो, आणि अध्यक्षांनी साइट फक्त तिथेच पाहिलेली. लोक मात्र फोनवर बघतात. गेल्या सोमवारी मी पेढीच्या काउंटरमागे काम करत बसले होते, तर एक गृहस्थ घामाघूम होऊन आत आले. बायको ऑपरेशनच्या टेबलावर, ओ निगेटिव्ह हवं, आणि दवाखान्यातून निघताना त्यांनी आपली साइट उघडलेली. फोन त्यांनी माझ्यापुढे धरला. म्हणे आधी छत आलं, मग पंखा, मग अध्यक्षांचा भांग, मग कपाळ. भुवयांपाशी जे अडलं ते अडलंच. यादी त्याच्याखाली, आणि यादीत ओ निगेटिव्हपुढे शून्य! वेळेत कळलं असतं तर ते थेट दुसऱ्या पेढीत गेले असते. काउंटरवरच्या बाईंनी चार ठिकाणी फोन करून पिशवी मिळवली, बायको वाचली, पण भुवयांपाशी अडलेला तो फोन माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ती साइट मी बांधलीय, मामा. मला माझीच लाज वाटली.

त्याच दुपारी मी अध्यक्षांकडे गेले आणि जिभेने घात केला. आमच्या धंद्यात फोटोचे एमबी कमी करण्याला हलका करणं म्हणतात, त्यात कुणाच्या अब्रूचा प्रश्न नसतो. मी सरळ म्हणाले, "साहेब, तुमचा फोटो जरा हलका करते."

"माझा फोटो हलका?"

मी सारवासारव करायला गेले, म्हटलं, फोटोच नाही, रक्तपेढीचं सगळंच जरा हलकं असलेलं बरं, आणि होतं नव्हतं तेही घालवलं. हुकूम सुटला: फोटोतला एक ठिपका जरी कमी झाला तरी काम त्यांच्या साडूच्या कंपनीकडे. (साडू तर फोटोच्या जागी व्हिडिओ टाकायला टपलेलाच आहे.)

तेव्हा मी एक ठिपकाही कमी केला नाही. पडदा अरुंद असेल तर फोटो दाखवायचाच नाही, एवढी एक ओळ लिहिली. (जागेप्रमाणे पानाने स्वतःला आवरून घ्यायचं, हीच तर आमची विद्या. पाहुणे आले की आपण सोफ्यावरचे कपडे आत टाकतो, तसं.) मोठ्या पडद्यावर अध्यक्ष जागच्या जागी, फोनवर नुसती यादी, दोन सेकंदांत. तीन दिवस सगळं सुरळीत चाललं. पण काल अध्यक्षांना त्यांच्या मुलीने नवा फोन दिला, आणि उद्या पेढीतल्या चारच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर त्यावर साइट उघडणार आहेत. काम जाईल याचं दुःख आहेच, पण खरी भीती यादी पुन्हा त्या भुवयांखाली जाईल याची आहे.

असो. मामीला नमस्कार. जिने चढू नका.

जीव टांगणीला लागलेली,
तुमची भाची

ता. क.: बैठकीत तुम्ही अध्यक्षांच्या शेजारी बसता ना? त्यांनी फोन काढला की काहीही करून तो आडवा धरायला लावा. आडवा केला की रुंदी पुरते आणि फोटो दिसतो. चष्म्याचं, उजेडाचं, सुचेल ते कारण सांगा.

ता. क. २: थांब, मामा! ('तुम्ही' गेलं खड्ड्यात.) आत्ताच माझा फोन आडवा करून पाहिला. अर्ध्यात यादी येते आणि अर्ध्यात चौकोनी फोटो, आणि लांबट फोटो चौकोनात बसवताना मधला भाग राहतो, कडा कापल्या जातात. अध्यक्ष कडेला उभे आहेत. मधोमध कात्रीचं तबक घेऊन तू आहेस. अध्यक्षांचा फक्त एक कान आलाय. तेव्हा फोन उभाच राहू दे. फोटो कुठे गेला म्हणून विचारलं, तर भाचीने लपवला असं सांग आणि मला आत बोलाव. मी बाहेर बाकावर बसलेली असेन. त्या गृहस्थांची गोष्ट मीच त्यांना सांगते.

ता. क. ३: आणि उद्या चारला नको, तीनलाच ये. पोटभर जेवून ये. मघाशी फोनवर यादी उघडली होती. तुझ्या गटापुढे शून्य आहे.